डोक्याला पटलंय, अंगाला पटत नाही

पत्र: माझं वय 43. दोन वर्षांपूर्वी कसारा घाटात पुढच्या ट्रकने अचानक ब्रेक मारला आणि आमची गाडी त्याच्यावर आदळली. गाडी मिस्टर चालवत होते, मी शेजारच्या सीटवर होते. त्यांना खरचटण्यावर निभावलं, माझं डावं कॉलरबोन मोडलं. हाड जुळलं. पण अजूनही पुढे ट्रक दिसला की माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला जातो, घरी येईपर्यंत पोटरी दुखायला लागते. हात गार पडतात, जबडा आवळतो, पहाटे तीनला जाग येते. एका समुपदेशकांकडे सहा महिने गेले. बोलून बरं वाटायचं, पण डोक्याला सगळं पटलंय आणि अंगाला पटत नाही अशी गत आहे. फॅमिली डॉक्टरांनी दिलेली क्लोनाझेपामची अर्धी गोळी रात्री घेते. मैत्रीण म्हणते ‘सोमॅटिक’ थेरपी घे. तिने दोन दिवसांच्या निवासी ‘बॉडी रिलीज’ शिबिराची माहिती पाठवली आहे, फी 18 हजार. जाऊबाई म्हणतात इगतपुरीला विपश्यनेला जा. यातलं माझ्यासाठी काय?
– एक वाचक, नाशिक

नमस्कार ताई,

थेट उत्तर आधी देतो. शरीराकडून सुरुवात करणारी थेरपी तुम्हाला मानवेल, असं पत्रावरून वाटतं. 18 हजारांचं शिबिर मात्र नको, आणि इगतपुरी सध्या लांबणीवर टाका. थेरपी सुरू करण्याआधी दोन-तीन गोष्टी तपासून घ्यायला हव्यात, त्या पुढे येतीलच.

तुमच्या उजव्या पायापासून सुरुवात करू, कारण पत्रातला सगळ्यात कामाचा तपशील तोच आहे. शेजारच्या सीटसमोर ब्रेक नसतो, तरी पाय दाबला जातो. घाटातल्या त्या दोन-तीन सेकंदांत शरीराने गाडी थांबवण्याची हालचाल सुरू केली आणि पायाखाली नुसतं मॅट लागलं. धोक्याच्या क्षणी शिकलेली अशी प्रतिक्रिया विचार करणाऱ्या मेंदूची परवानगी घेत नाही. ट्रक दिसल्याची खबर धोका ओळखणाऱ्या भागाला आधी लागते. ‘हा घाट नाही, हा त्र्यंबक रोड आहे’ हे मागाहून कळतं. तोवर पोटरी आवळलेली असते, बोटांकडचं रक्त मोठ्या स्नायूंकडे वळलेलं असतं आणि हात गार पडलेले असतात. म्हणून सहा महिने समजून घेऊनही पाय ऐकत नाही. यात तुमचं काही चुकलेलं नाही.

आता ‘सोमॅटिक’ म्हणजे काय. शब्दाचा अर्थ ‘शरीराशी संबंधित’, पण या एका पाटीखाली बऱ्याच वेगळ्या गोष्टी येतात. पीटर लेव्हिन यांची सोमॅटिक एक्सपिरियन्सिंग, पॅट ऑग्डेन यांची सेन्सरीमोटर सायकोथेरपी, आघात सोसलेल्यांसाठी बदलून घेतलेला योग या त्यातल्या प्रशिक्षणाची ठरलेली चौकट असलेल्या पद्धती. ईएमडीआर त्यांच्या शेजारची. फ्रॅन्सिन शपिरो यांनी ती 1987 पासून विकसित केली. तिच्यात आठवण मनात धरून डोळे डावी-उजवीकडे फिरवतात आणि अंगात काय जाणवतं तेही सतत विचारतात. याशिवाय मसाज, नाच, जोरजोरात श्वास, ‘व्हेगस नर्व्ह रीसेट’ असं बरंच काही त्याच नावाने विकलं जातं. त्यातलं काही सुखद असेलही, पण त्याला आघातावरचा उपचार म्हणता येत नाही.

चांगलं सत्र बाहेरून पाहिलं तर अगदी साधं दिसतं. पन्नास मिनिटं ते तासभर, दोघं समोरासमोर खुर्चीत, अंगावर नेहमीचे कपडे. ऑनलाइनही जमतं. तुमच्या बाबतीत थेरपिस्ट घाटाची गोष्ट पहिल्यापासून सांगायला लावणार नाही. गेल्या आठवड्यात ट्रक दिसला तो एक क्षण घेईल, तोही टक्कर होण्याच्या बराच आधीचा. ‘आत्ता हे सांगताना पायात काय होतंय?’ असं विचारेल. तुम्ही म्हणाल, पोटरी कडक झाली. मग तो पाय भिंतीला किंवा जमिनीला टेकवून सावकाश दाबायला सांगेल. इतका सावकाश, की टाच, पोटरी, मांडी, कंबर यात जोर कसा चढत जातो ते तुम्हाला कळलं पाहिजे. मग हळूहळू सोडायचं, खोलीभर नजर फिरवायची आणि थांबायचं. या थांबण्यात बरंच काही घडतं: एखादा खोल श्वास आपोआप येतो, हातात ऊब येते, कधी पाय थरथरतो, जांभई येते. ते झालं की पुन्हा थोडासा ताण, पुन्हा विसावा. तासाभरात असे तीन-चार फेरे झाले तरी पुष्कळ. स्पर्श बहुतेकदा लागतच नाही. लागलाच तर आधी विचारून, कुठे आणि कशासाठी ते सांगून, आणि तुमच्या ‘नको’ला कारण न मागता.

यावरून एक मोजमाप हाती लागतं, ते निवड करताना सतत जवळ ठेवा: आतून किती बाहेर पडलं याला महत्त्व नाही, ताण चढल्यावर तुम्ही किती सहज खाली उतरून स्थिर होता, याला आहे.

शिबिर नको म्हणतो ते यामुळेच. ‘बॉडी रिलीज’मागची कल्पना अशी की आत वाफ कोंडली आहे, एकदा जोरात बाहेर काढली की मोकळं. माणसाची मज्जासंस्था कुकरसारखी चालत नाही. वीस-पंचवीस जणांच्या हॉलमध्ये, मोठ्या संगीतात, जोराने श्वास घेत रडणं-ओरडणं झालं की त्या रात्री हलकं वाटतं, हे खरं. पण शरीराने शिकलेली धोक्याची खूण त्याने पुसली जात नाही, उलट पुन्हा एकदा गिरवली जाऊ शकते. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरी झोप उडते, दचकणं वाढतं, आणि तेव्हा शिबिरातलं कुणीही हाताशी नसतं. जोरजोरात श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो. हातापायांना मुंग्या येतात, बोटं वाकडी होतात, गरगरतं. तिथे त्याला ‘ऊर्जा मोकळी झाली’ असं सांगितलं जातं. प्रत्यक्षात तो श्वासाचा रासायनिक परिणाम असतो. फिट येणारे, हृदयविकार असलेले आणि गरोदर बायका यांच्यासाठी हा प्रकार धोक्याचाही आहे.

इगतपुरीबद्दल जाऊबाईंचा हेतू चांगलाच आहे. पण दहा दिवस मौन, रोज दहा तासांच्या आसपास बैठक, आणि डोक्यापासून पायापर्यंत संवेदना न हलता पाहत राहणं ही साधना आहे, उपचार नव्हे. अर्जातही मानसिक आजार आणि चालू औषधांविषयी विचारतात; तिथे काही लपवू नका. तुमच्या सध्याच्या स्थितीत अडचण अशी की संवेदना चढली तर उठून खिडकीपाशी जाण्याची, बोलण्याची, पाय दाबून पाहण्याची मुभा नाही. ट्रक शांतपणे ओलांडता यायला लागला, गोळीशिवाय झोप लागली, की मग हा विचार जरूर करा.

पुराव्याचंही स्पष्ट सांगायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेने 2013 च्या मार्गदर्शिकेत पीटीएसडीसाठी, म्हणजे आघातानंतरच्या ताणविकारासाठी, आघातावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी बोलण्याची थेरपी) आणि ईएमडीआर यांची शिफारस केली. या दोन्हींच्या पाठीशी भरपूर चाचण्या आहेत. सोमॅटिक एक्सपिरियन्सिंगची 2017 मध्ये प्रसिद्ध झालेली इस्रायलमधली चाचणी 63 जणांवर, आठवड्याला एक अशा 15 सत्रांची होती. निष्कर्ष आशादायक, पण आकार लहान. योगाबद्दल 2014 चा एक अमेरिकी अभ्यास आहे: इतर उपचारांनी बरं न वाटलेल्या 64 स्त्रिया, दहा आठवडे, आठवड्याला एक तास. आरोग्यशिक्षणाच्या वर्गाला गेलेल्या गटापेक्षा योगाच्या गटातल्या जास्त जणी पीटीएसडीच्या निकषांबाहेर आल्या. म्हणजे शरीराच्या वाटेने गुण येतो असं म्हणायला आधार आहे, पण पहिला मान अजून सीबीटी आणि ईएमडीआरकडेच आहे.

म्हणून तुमच्या सहा महिन्यांकडे परत येऊ. तिथे नेमकं काय झालं? आठवड्याची विचारपूस, सासर-माहेर, धीर देणं, ‘सकारात्मक विचार करा’? की अपघाताच्या आठवणीवर टप्प्याटप्प्याने काम, मनातल्या ‘मीच त्यांना लवकर निघू या म्हटलं’ अशा दोषाची तपासणी, आणि टाळलेल्या गोष्टींकडे ठरवून परत जाणं? तुमच्या वर्णनावरून पहिलं वाटतं. ते वाया गेलं असं नाही, पण त्याला आघातावर केंद्रित उपचार म्हणत नाहीत. तसा उपचार बऱ्याचदा 8 ते 12 सत्रांत होतो. तेव्हा ‘बोलण्याची थेरपी करून झाली, उपयोग नाही’ असा शेरा इतक्यात मारू नका. ईएमडीआर तुमच्यासाठी विशेष विचारात घेण्यासारखी आहे: एकच अपघात, तारीख माहीत, आठवण स्पष्ट, आणि लक्षणं अंगात. ईएमडीआर आणि शरीराकडून सुरुवात करणारी थेरपी, दोन्हींचं प्रशिक्षण असलेली व्यक्ती मिळाली तर उत्तमच.

थेरपीआधी मात्र डॉक्टर. सगळं आघाताच्या खात्यावर टाकणं ही चूक आम्ही फार पाहतो. त्रेचाळिसाव्या वर्षी पहाटे तीनला जाग, धडधड, घाम याला थायरॉइड, कमी हिमोग्लोबिन किंवा पाळी जाण्याआधीचे बदलही कारण असू शकतात. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी), हिमोग्लोबिन, साखर, रक्तदाब आणि एक ईसीजी, एवढं करून घ्या. डावा हात पाठीमागे हूक लावायला जात नसेल, त्या कुशीवर झोपता येत नसेल, तर ऑर्थोपेडिक डॉक्टरांना फ्रोझन शोल्डर, म्हणजे आखडलेला खांदा, आहे का ते विचारा. त्यावर फिजिओथेरपी लागते. पोटरीवर चालणारी थेरपी अशा खांद्याला पुरणार नाही.

क्लोनाझेपामचं जपून. घबराट कमी करणाऱ्या, झोप आणणाऱ्या या गटातल्या गोळ्या पीटीएसडीवरचा उपचार म्हणून सुचवत नाहीत, आणि रोज घेतल्या की शरीराला त्यांची सवय लागते. तरीही एकदम बंद करू नका. झोप पार उडते, घबराट वाढते, काहींना फिटही येते. मनोविकारतज्ज्ञांना दाखवून ती आठवड्यांच्या हिशोबाने उतरवायची असते. गोळी चालू असताना थेरपी करता येते. फक्त थेरपिस्टला सांगा, कारण गोळीने अंगातल्या संवेदना थोड्या बोथट होतात आणि ‘काहीच जाणवत नाही’ याचं ते एक कारण असू शकतं.

शरीराची वाट तुम्हाला मानवेल का, याचा अंदाज घ्यायला घरी एक छोटी चाचणी करता येते. दिवसा करा, घरात कुणीतरी असताना. पाठ टेकेल अशी खुर्ची, दोन्ही पाय जमिनीवर, डोळे उघडे. डोळे मिटले की अनेकांना अपघाताची चित्रं दिसायला लागतात, म्हणून मिटू नका. श्वासावरही लक्ष नको; ज्यांना धडधडतं त्यांची धडधड कधी कधी त्यानेच वाढते. पहिलं मिनिट तळव्यांना जमीन कशी लागते तेवढंच पाहा. दुसरं मिनिट मान वळवून खोलीतल्या पाच वस्तू आणि दार पाहा. मग जबडा किंवा पोटरी, जिथे ताण असेल तिथे दहा सेकंद लक्ष द्या आणि लगेच तीस सेकंद तळव्यांकडे परत. असं तीनदा. अपघात मुद्दाम आठवायचा नाही. पाच मिनिटांच्या आत आटपतं.

ताण थोडा चढला आणि दहा-पंधरा मिनिटांत उतरला, तर ही वाट तुम्हाला मानवण्याची शक्यता चांगली. काहीच जाणवलं नाही, तर नापास झालात असं समजू नका. सतत धोक्यात राहिलेलं अंग बधिर होतं. अशांना बसून संवेदना शोधण्यापेक्षा चालणं, भिंत ढकलणं, गार पाण्याने हात धुणं अशा ठळक गोष्टींपासून सुरुवात बरी पडते. तिसरी शक्यता गंभीर आहे: अंग परकं वाटलं, आवाज लांबून आल्यासारखे झाले, मधला काही वेळच हरवला, किंवा तासाभरानेही थरथर थांबली नाही. तसं झालं तर ही चाचणी पुन्हा करू नका. एकटीने कुठलाच व्हिडिओ पाहून सराव नको. आधी मनोविकारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट.

काही जणांनी ही थेरपी सध्या थांबवावी, हेही इतर वाचकांसाठी सांगतो. जीव नकोसा वाटतोय, भास होतायत, रोज दारू लागते, किंवा घरात अजून मारहाण चालू आहे, अशांची गरज वेगळी आणि तातडीची आहे. ज्या घरात खरोखर धोका आहे तिथे शरीराला ‘शांत हो’ शिकवणं चुकीचं. तिथे आधी सुरक्षितता. टेलि-मानस हेल्पलाइन 14416 चोवीस तास, मोफत, मराठीतही आहे. तुम्हालाही एखाद्या पहाटे गरज वाटली तर नि:संकोच फोन करा.

थेरपिस्ट निवडताना कागद बघा. ‘ट्रॉमा हीलर’, ‘सोमॅटिक कोच’ ही नावं कुणीही लावू शकतं. सोमॅटिक एक्सपिरियन्सिंगचं प्रशिक्षण साधारण तीन वर्षांचं असतं, पण त्याला मसाज आणि योगशिक्षण करणारेही जातात. त्यामुळे त्या प्रमाणपत्राने एखाद्याला पीटीएसडीचं निदान आणि उपचार येतात असं ठरत नाही. मूळ पात्रता विचारा: मनोविकारतज्ज्ञ असेल तर एमडी किंवा तत्सम, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक. समुपदेशक असेल तर मानसशास्त्रातली पदव्युत्तर पदवी आणि तो कुणाच्या देखरेखीखाली काम करतो हे. फोनवरच आणखी एक प्रश्न टाका: ‘सत्रात मी फार घाबरले, सुन्न झाले, तर तुम्ही काय करता?’ जो माणूस वेग कमी करण्याचं, खोलीकडे लक्ष आणण्याचं, शेवटची दहा मिनिटं स्थिर होण्यासाठी राखण्याचं बोलेल, तो कामाचा. ‘होऊ द्यायचं, त्यातूनच बाहेर पडता’ म्हणणाऱ्याला नमस्कार करा. पहिल्याच भेटीत ‘हे अपघाताचं नाही, लहानपणी तुमच्यावर काहीतरी झालंय, शरीरात साठलंय’ असं सांगणाऱ्यालाही. सुचवलेल्या गोष्टी मनात खऱ्या आठवणींसारख्या रुजू शकतात, आणि त्याने घरंच्या घरं दुभंगतात. गोळ्या बंद करा म्हणणारा, वीस सत्रांचे पैसे आगाऊ मागणारा, हेही त्याच रांगेत.

सहा सत्रं ठरवा आणि तिथे थांबून हिशोब करा. पहिल्या सत्राआधी पीसीएल-5 ही पीटीएसडीची लक्षणं मोजणारी प्रश्नावली भरून ठेवा: 20 प्रश्न, गुण 0 ते 80, 31-33 च्या पुढे असतील तर पीटीएसडीची नीट तपासणी हवी. सहाव्या सत्रानंतर तीच परत भरा. सोबत घरगुती नोंद ठेवा: आठवड्यात किती रात्री जाग आली, गाडीत किती वेळ बसलात, पोटरी किती दुखली. सत्रानंतर एखादा दिवस थकवा किंवा विचित्र स्वप्नं चालतात. तीन-चार दिवस घडी बसत नसेल, दोन-तीनदा तसंच झालं, तर वेग जास्त आहे. पुढच्या सत्रात तेच आधी सांगा. सांगूनही बदल नाही, तर माणूस बदला.

आणखी एक फसगत आहे, ती चांगल्या थेरपीतही होते. शरीर शांत करायला छान जमतं, सत्रात मस्त वाटतं, आणि गाडीत बसणं मात्र वर्षभर पुढे ढकललं जातं. शांत होण्याचं कौशल्यच टाळण्याचं साधन बनतं. म्हणून चौथ्या-पाचव्या सत्रापासून गाडी उपचारात आली पाहिजे. आधी पार्किंगमध्ये, इंजिन बंद, दहा मिनिटं. मग पट्टा लावून. तो नेमका तुमच्या डाव्या कॉलरबोनवरून जातो, त्यामुळे ट्रक दिसण्याआधी पट्ट्यानेच अंग आवळत असण्याची शक्यता आहे. थेरपिस्टला हे मुद्दाम सांगा. पट्टा काखेखालून मात्र घेऊ नका, धडक बसली तर बरगड्या आणि पोट सापडतं. मग सोसायटीला चक्कर, मग दुपारच्या वेळी गंगापूर रोड, मग महामार्गाचा छोटा तुकडा. घाट सगळ्यात शेवटी. प्रत्येक पायरी ताण अर्ध्यावर येईपर्यंत करा, त्याआधी गाडीतून उतरू नका.

यात मिस्टरांचंही काम आहे. गाडीत ‘अगं काही होत नाही’ हे वाक्य बंद. त्याऐवजी ‘पुढे ट्रक आहे, मी वेग कमी करतोय’ असं मोठ्याने सांगायचं, आणि खरंच कमी करायचा. पुढच्या वाहनापासून तीन सेकंदांचं अंतर ठेवायला सांगा. ताशी 60 किलोमीटरला ते जवळपास 50 मीटर होतं. पुढचा ट्रक एखाद्या खांबाला ओलांडेल तेव्हा मोजायला सुरुवात करा आणि तुमची गाडी त्याच खांबाशी पोचेपर्यंत तीन व्हायला हवेत. हे मोजण्याचं काम तुम्ही घ्या.